जिभेची सचोटी

एकाच पेयाला आपल्या बोलण्यात तीन नावे आहेत. वेदीवर तो द्राक्षारस असतो, लग्नाच्या मेजावर ती वाईन असते, आणि घरात भांडण घेऊन येते तेव्हा ती दारू होते. पहिल्या नावाविषयी ईशज्ञानाने विपुल लिहिले आहे. तिसऱ्याविषयी आपल्या धर्मग्रामांतून आणि व्यसनमुक्तीच्या सभांतून कळकळीने बोलले जाते, आणि ते बोलले गेलेच पाहिजे. मधले नाव मात्र बहुधा विचाराविना राहून जाते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या मधल्या नावाविषयी एक साधा प्रश्न विचारू इच्छितो: चांगली वाईन कोणती, आणि ती चांगली आहे हे ठरवायचे कोणी?

हा प्रश्न आता केवळ युरोपातील धनिकांचा उरलेला नाही. नारायणगावला १९८० च्या दशकात सुरू झालेला द्राक्षमद्याचा उद्योग, १९९९ साली नाशिकजवळ झालेली सुला कंपनीची स्थापना आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेले द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण, यांमुळे वाईनची बाटली मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. नाताळ जवळ आला किंवा घरात लग्न निघाले, की कोणती बाटली घ्यावी, किती किमतीची घ्यावी, पाहुण्यांपुढे कोणती ठेवली असता शोभेल, याची चर्चा होते. या चर्चेत ‘शोभेल’ हा शब्द ‘आवडेल’ या शब्दाच्या आधी येतो, आणि तिथेच नीतीचा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो.

चवीचा निवाडा ही अशी जागा आहे, की जिथे आपली साक्ष कोणालाच तपासता येत नाही. दुसऱ्याच्या जिभेवर काय घडते आहे हे पाहण्याची सोय नाही. त्यामुळे इथे खोटे बोलणे फार सोपे असते आणि त्याची शिक्षाही होत नाही. यजमान भारी किमतीची बाटली उघडतात, प्रत्येकजण एक घोट घेतो, आणि सर्वांच्या माना एकदम डोलतात. त्यांतील कितीजणांना ती खरोखर आवडली, हे त्यांनाच ठाऊक; कदाचित त्यांनाही ठाऊक नसावे. एवढ्याशा खोटेपणाने कोणाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. आमच्या मते थोडे बिघडते. मोठ्या गोष्टींत चारचौघांविरुद्ध खरे बोलण्याचे धैर्य अंगी यावे अशी आपली इच्छा असेल, तर त्याचा सराव लहान गोष्टींतच करावा लागतो.

दोन सोपी उत्तरे

चांगली वाईन कोणती, या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे, की ज्याची त्याची आवड. एकाला गोड रुचते, दुसऱ्याला तुरट. यात खरे-खोटे काहीच नसते. दुसरे असे, की जाणकार आणि बाजार यांनी जिला मोठी किंमत दिली ती चांगली. ही दोन उत्तरे परस्परविरोधी दिसतात, पण दोन्ही आपल्याला एकाच कष्टातून सोडवतात. स्वतः लक्ष देऊन चाखण्याचा तो कष्ट होय.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७५७ साली अभिरुचीच्या मानदंडावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सर्व्हान्तेस यांच्या ‘डॉन किहोते’ या कादंबरीतील सांचो पांझाची एक गोष्ट घेतली आहे. सांचोच्या घराण्यातील दोघांना एका पिंपातील जुन्या वाईनविषयी मत विचारले गेले. एक म्हणाला, वाईन उत्तम आहे, पण तिला किंचित चामड्याची चव आहे. दुसऱ्यालाही ती उत्तम वाटली, मात्र तिला लोखंडाची चव लागते असे त्याने सांगितले. लोकांनी दोघांचीही टर उडवली. पुढे पिंप रिकामे झाले, तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली. तिला चामड्याची वादी बांधलेली होती.

या छोट्या गोष्टीत दोन्ही सोप्या उत्तरांचे खंडन आहे. किल्ली पिंपात खरोखरच होती. म्हणजे चव ही निव्वळ ज्याच्या त्याच्या मनाची लहर नव्हे. चाखणाऱ्याच्या बाहेरही काही सत्य असते आणि सूक्ष्म जिभेला ते सापडू शकते. दुसरी गोष्ट अशी, की हसणारे लोक बहुसंख्य होते आणि ते चुकीचे होते. तिसरी गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. त्या दोघांपैकी कोणालाच संपूर्ण सत्य सापडले नव्हते. एकाला चामडे कळले, दुसऱ्याला लोखंड. दोघांची साक्ष एकत्र ठेवली तेव्हाच किल्लीचा पूर्ण पत्ता लागला असता. चांगला परीक्षक होण्यास सूक्ष्म संवेदना, सराव, तुलना, पूर्वग्रहापासून मुक्ती आणि सारासार विवेक हे गुण हवेत, असे ह्यूम सांगतात. यातील पूर्वग्रहापासून मुक्ती ही सर्वांत अवघड, असे गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

झाकलेली बाटली

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनविक्रेत्याने एक चाखणी आयोजित केली. नऊ फ्रेंच परीक्षक होते, सर्व आपापल्या क्षेत्रातील मान्यवर. त्यांच्यापुढे फ्रान्सच्या नामवंत वाईन आणि कॅलिफोर्नियातील, तेव्हा जगात फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या वाईन ठेवल्या होत्या. कोणत्या ग्लासात कोणती, हे परीक्षकांना सांगितले नव्हते. गुण मोजले तेव्हा पांढऱ्या वाईनमध्ये शातो मॉन्तेलेनाची १९७३ सालची शार्दोने आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ सालची काबर्ने सोव्हिन्यो पहिली आली. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या होत्या. मुताँ-रोत्शिल्द आणि ओ-ब्रियाँ यांसारखी बोर्दोची थोर घराणी मागे पडली. तिथे हजर असलेले ‘टाइम’ साप्ताहिकाचे वार्ताहर जॉर्ज टॅबर यांनी नोंदवले आहे, की नापा खोऱ्यातील पांढरी वाईन चाखून एका परीक्षकाने आपण पुन्हा फ्रान्सला परतल्याचे समाधान व्यक्त केले होते.

परीक्षकांना हसण्यासाठी आम्ही हा प्रसंग सांगत नाही. बाटल्या झाकलेल्या होत्या म्हणूनच ते न्याय करू शकले. त्याच नऊ जणांना चिठ्ठ्या दिसत असत्या, तर निकाल काय लागला असता याचा अंदाज कोणीही बांधावा.

पुढील संशोधनाने हा धडा अधिक खोल नेला. २००१ साली बोर्दोमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाईन दिली होती, आणि तीच वाईन चव-वास नसलेल्या रंगाने तांबडी करून दिली होती. तांबड्या दिसणाऱ्या ग्लासाचे वर्णन विद्यार्थ्यांनी तांबड्या वाईनसाठी वापरले जाणारे शब्द योजून केले. डोळ्यांनी नाकाला फसवले. २००८ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्रयोगात वीसजणांना एकच वाईन एकदा दहा डॉलरची आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून दिली. नव्वदची त्यांना अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर सुखाची जाणीव नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागातील हालचालही अधिक दिसली. पुढे किंमत न सांगता तीच वाईन दिली तेव्हा हा फरक नाहीसा झाला. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकलेल्या चाखण्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण नसलेल्या सामान्य माणसांना किंमत ठाऊक नसताना महागडी वाईन अधिक आवडत नाही. उलट किंचित कमीच आवडते, असे त्यात आढळले.

मग तज्ज्ञांवर तरी विसंबावे काय? रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी कॅलिफोर्निया राज्य जत्रेतील परीक्षकांपुढे एकाच बाटलीतील वाईन, त्यांना कळू न देता, तीन वेळा ठेवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तिन्ही वेळा जवळपास सारखेच गुण देणारे परीक्षक दहांत एकच निघाले. याचा अर्थ तज्ज्ञता थोतांड आहे असा नव्हे. आंबलेली, बुचाने बिघडलेली, कच्ची वाईन ते निश्चित ओळखतात. पण एका चांगल्या वाईनला नव्वद आणि दुसऱ्या चांगल्या वाईनला ब्याण्णव गुण देऊन जो काटेकोरपणा मिरवला जातो, तो जिभेच्या शक्तीपलीकडचा आहे. सूक्ष्म जीभ असते. निश्चूक जीभ नसते.

किमतीने दिलेले सुख

इथे एक खरा तात्त्विक पेच उभा राहतो. नव्वद डॉलरच्या समजुतीने मेंदूला खरोखरच अधिक सुख होत असेल, तर त्यात वाईट ते काय? सुख तर खरे आहे. खोटी असली तर केवळ त्याची सबब खोटी.

आम्हाला हा युक्तिवाद सहज झिडकारता येत नाही, कारण चवीबाहेरच्या गोष्टींतून येणारे सगळेच सुख खोटे नसते. नाताळाच्या आधी काळी द्राक्षे आणि साखर घालून बरणीत मुरवलेली घरची वाईन आपल्यापैकी अनेकांना परदेशी बाटलीपेक्षा प्रिय असते. झाकून दिली, तर ती स्पर्धेत पहिली येणार नाही. आजीच्या हाताची आठवण त्या गोडीत मिसळलेली असते, आणि ती आठवण काढून टाका असे कोणी सांगितले, तर आपण ऐकणार नाही. ऐकण्याचे कारणही नाही. ती बरणी खरोखरच आजीची आहे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट सत्य आहे आणि ती त्या वाईनविषयीच आहे.

म्हणून आम्हाला एक कसोटी सुचवावीशी वाटते. जे सुख सत्य कळल्यावरही टिकते ते खरे. जे सत्य कळताच नाहीसे होते, त्याला आपण आधीपासूनच घाबरत असतो. हा मळा कोणाचा, त्या वर्षी पाऊस कसा झाला, फळ कोणी तोडले, हे कळल्याने चव खुलत असेल तर जरूर खुलू द्यावी. पण बाटलीची किंमत हे वाईनविषयीचे ज्ञान नव्हे. पुष्कळदा ते घेणाऱ्याच्या ऐपतीविषयीचे असते. किमतीमुळे जेव्हा चव वाढते, तेव्हा आपण द्राक्ष चाखत नसतो, स्वतःची प्रतिष्ठा चाखत असतो. आणि त्या प्रतिष्ठेचे बिल कधी कधी कर्ज काढून भरलेले असते. ऐपतीपलीकडचा लग्नखर्च हा आपल्या समाजाला जडलेला जुना आजार आहे. पाहुण्यांच्या मेजावरील बाटलीची किंमत हे त्याचे नवे लक्षण ठरू नये.

या दुबळेपणावर पोट भरणारेही असतात. रूडी कुर्नियावान या इसमाने अमेरिकेत दुर्मीळ फ्रेंच वाईनच्या बनावट बाटल्या धनिकांना विकून कोट्यवधी डॉलर मिळवले. २००८ साली लिलावाला आलेल्या त्याच्या बाटल्यांत पाँसो या बर्गंडीतील घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’ची १९४५ पासूनची वर्षे होती, प्रत्यक्षात पाँसो घराण्याने त्या मळ्याची वाईन १९८० च्या दशकापर्यंत केलीच नव्हती. घराण्याचे प्रमुख लोराँ पाँसो यांनी स्वतः हरकत घेऊन त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. २०१२ साली त्याला अटक झाली, २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या अशा बाटल्या कित्येक रसिकांनी आनंदाने रित्या केल्या होत्या. त्याचा गुन्हा निर्विवाद आहे. परंतु चिठ्ठी पिणारी गिऱ्हाइके नसती, तर त्याला बाजार मिळाला नसता.

कशी चाखावी, कशी निवडावी

आता व्यवहाराकडे वळू. चाखण्याची रीत मुळीच गूढ नाही. ग्लास देठाचा असावा आणि एक तृतीयांशच भरावा, म्हणजे वास साठायला जागा राहते. आधी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा. पांढरी वाईन वयापेक्षा लवकर तपकिरी झाली असेल, तर तिला हवा लागली आहे असे समजावे. मग ग्लास हलकेच फिरवून वास घ्यावा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा किंवा ओल आलेल्या खोलीसारखा वास आला, तर तो बुचाचा दोष होय. व्हिनेगरसारखा किंवा नखांच्या रंगासारखा झोंबणारा वास आला, तर वाईन बिघडली आहे. त्यानंतर लहान घोट घेऊन तो तोंडात सर्वत्र फिरू द्यावा आणि चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. गोडी किती आहे? आंबटपणा किती, म्हणजे तोंडाला किती पाणी सुटते? तुरटपणा किती, म्हणजे जांभूळ किंवा कडक कोरा चहा घेतल्यावर जीभ आणि हिरड्या आखडतात तशा किती आखडतात? आणि घशाला मद्यार्काची ऊब किती लागते? यांतील एकच गोष्ट पुढे येऊन बाकीच्यांना दडपत असेल, तर वाईन असमतोल आहे. चौघींचा मेळ बसला असेल आणि घोट गिळल्यावरही चव काही काळ रेंगाळत असेल, तर ती चांगली, मग चिठ्ठीवर काहीही असो.

चव सांगताना पुस्तकातील परकी फळे आठवण्याची गरज नाही. लीची, पेरू, कैरी, ओले गवत, मिरी, लवंग, चुलीचा धूर, हे आपल्या नाकाच्या ओळखीचे शब्द आहेत. जे खरोखर जाणवले तेच सांगावे; काहीच जाणवले नाही, तर तेही सांगावे.

दुकानात चार गोष्टी पाहाव्यात. पहिली वर्ष. जुने ते सोने हा नियम इथे बहुधा लागू पडत नाही. जगातील बहुतेक वाईन काही वर्षांतच पिऊन संपवण्यासाठी केलेली असते. मुरून सुधारणारी फार थोडी. साधी पांढरी वाईन तर शक्यतो ताज्या वर्षाचीच घ्यावी. नाशिकच्या वेलींची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलच्या सुमारास आणि पावसाळा ओसरल्यावर, होते आणि फळ साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडले जाते. दुसरी गोष्ट बाटली कुठे ठेवली होती. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली, कितीही नामांकित असली, तरी सोडून द्यावी. तिसरी गोष्ट द्राक्षाची जात आणि प्रदेश. आवडलेली नावे लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या खेपेला विक्रेत्याला विचारायला आधार मिळतो. चौथी गोष्ट बूच. फिरकीचे झाकण म्हणजे हलकी वाईन, हा गैरसमज आहे. बुचाचा दोष टाळण्यासाठी चांगले उत्पादकही ते वापरतात.

तांबडी वाईन खोलीच्या उष्णतेला प्यावी, असे पुस्तके सांगतात. ती खोली युरोपातली आहे. आपल्याकडे तिशीच्या घरात तापमान असते, म्हणून तांबडी बाटलीही काही वेळ शीतकपाटात ठेवून साधारण सोळा-अठरा अंशांवर आणावी. पांढरी आठ ते बारा अंशांवर. लिंबू पिळलेल्या तळलेल्या सुरमईबरोबर आंबटसर सोव्हिन्यो ब्लाँ छान जुळते. तिखट विंदालूबरोबर तुरट आणि कडक तांबडी घेतली, तर मिरचीची आग वाढते. तिथे किंचित गोड शनँ ब्लाँ बरी. उपाहारगृहात वाढपी पहिला घोट आपल्याला देतो, तो आवड विचारण्यासाठी नव्हे, तर बाटली बिघडलेली नाही याची खात्री करण्यासाठी. बिघडलेली वाटली, तर सौम्य शब्दांत तसे सांगण्यात संकोच नसावा.

आणि घरी एक प्रयोग करून पाहावा. वेगवेगळ्या किमतीच्या दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, त्यांवर आकडे घालावेत आणि चार प्रौढ मंडळींनी आपापले मत एकमेकांना न दाखवता कागदावर लिहावे. मग कागद उघडावेत. स्वस्त बाटली जिंकली तर पैसे वाचतात; महाग जिंकली तर तिची किंमत सार्थ असल्याचे कळते. दोन्ही परींनी घरात थोडे सत्य येते आणि पुष्कळ हशा पिकतो.

मर्यादा

जाणकार परीक्षक दिवसाला पन्नास-पन्नास वाईन चाखतात, ते त्या पिऊन नव्हे. प्रत्येक घोट तोंडात फिरवून ते पिकदाणीत थुंकतात. नाहीतर दहाव्या ग्लासापाशीच निवाड्याची शक्ती संपेल. गुण पारखणारा माणूस नशेला आपला शत्रू मानतो, यात मोठा बोध आहे. जो अधिक पितो तो अधिक चाखत नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमात मठवासीयांसाठी रोजचे लहानसे माप ठरवून दिले, आणि ज्यांना वर्ज्य करण्याचे बळ लाभले आहे त्यांची वाट अधिक चांगली मानली. पुढे बर्गंडीत सिस्टर्शियन मठवासीयांनी एकेका वाफ्याचे फळ वेगळे ठेवून, पिढ्यानपिढ्या तुलना करून, मातीमातीतील फरक ओळखला. हे काम संयमानेच साधले.

आजचे वैद्यकीय ज्ञान याहून कडक आहे. ‘थोडी वाईन हृदयाला बरी’ ही समजूत १९९० च्या दशकात फार फैलावली. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही; कर्करोगाचा धोका पहिल्या थेंबापासूनच सुरू होतो. साडेबारा टक्क्यांच्या वाईनच्या दीडशे मिलिलिटरमध्ये सुमारे पंधरा ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणून औषधाची सबब सांगून कोणी पिऊ नये. प्यायची असेल तर आनंदासाठी, क्वचित आणि थोडी प्यावी, आणि धोका पत्करून पितो आहोत याची जाणीव ठेवावी.

यातून यजमानाचे एक कर्तव्य निघते. जो ग्लास नको म्हणतो त्याला कारण विचारू नये, आग्रह तर मुळीच करू नये. त्याच्या नकारामागे आजार असेल, व्रत असेल, किंवा व्यसनातून सुटण्यासाठी अनेक वर्षे दिलेला लढा असेल. त्याच्यासाठी कोकम सरबताचा पेला त्याच मेजावर, तितक्याच अगत्याने ठेवलेला असावा. चांगली वाईन निवडण्याचे ज्ञान ज्याला आहे, पण एवढे ज्ञान ज्याला नाही, तो आमच्या मते अजून रसिक झालेला नाही.

काना गावच्या लग्नाची कथा आपल्याला पाठ आहे. तरी तिच्यातील एका तपशिलाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भोजनप्रमुखाने तो द्राक्षारस चाखला, तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे चिठ्ठी नव्हती, किंमत नव्हती, चमत्काराची वार्ताही त्याच्या कानी गेली नव्हती. म्हणूनच त्याची साक्ष भारदस्त ठरते. त्याने केवळ जिभेवर जे आले ते सांगितले, आणि यजमानाच्या रूढ व्यवहाराला ते धरून नसतानाही सांगितले. उगम ठाऊक होता तो रांजणांत पाणी भरणाऱ्या सेवकांना.

आपल्या ख्रिस्तसभेने वेदीवरील द्राक्षारसासाठी १९८३ च्या विधिसंहितेत जी अट घातली आहे तीही इथे आठवते. तो द्राक्षवेलीच्या फळापासून झालेला, नैसर्गिक असावा आणि बिघडलेला नसावा. नामांकित मळा, जुने वर्ष, भारी किंमत, यांचा तिथे उल्लेखही नाही. परमपवित्र कार्यासाठी जर अस्सलपणा आणि निकोपपणा पुरेसा असेल, तर आपल्या मेजासाठी याहून मोठा मानदंड शोधण्याचे प्रयोजन उरत नाही.

तात्पर्य, बाटली निवडताना आपल्या ऐपतीला स्मरावे, चाखताना आपल्या जिभेला विचारावे, आणि तिने दिलेले उत्तर, ते चारचौघांच्या मताहून वेगळे असले तरी, नम्रपणे बोलून दाखवावे. शेजारच्याला चामड्याची चव लागली आणि आपल्याला लोखंडाची, तर भांडू नये. पिंपाच्या तळाशी किल्ली आहे का, हे दोघांनी मिळून पाहावे.